न सांगितल्याचा दाखला

धानोऱ्यापलीकडच्या एका खेड्यातल्या फुलवंताबाईंना तीन महिने झोप नव्हती. विहिरीवर त्या दिवशी जे घडलं, ते छातीवर पाट्यासारखं बसलं होतं. गावात सांगावं तर दिवे लागेपर्यंत घरोघर पोहोचणार. म्हणून कुणा परक्या माणसाला एकदाच सांगून मोकळं व्हावं, एवढ्यासाठी त्या तालुक्याच्या मनआधार केंद्रात आल्या.

केंद्र मूल्यांवर चालत असे. मूल्यं पाच होती आणि भिंतीवर तैलरंगात होती. त्यांतल्या 'निवड' या मूल्यानुसार शिपाई दोधूने विचारलं, "माय, लाल खुर्ची का निळी?"

"कोनतीबी चाली, भाऊ."

"कोनतीबी, असा रकाना नही शे."

फुलवंताबाई खाली फरशीवर बसल्या. दोधूने नोंद केली : निवड प्रलंबित.

समुपदेशक रुचिकाताई स्वभावाने फार गोड. "त्या दिन इहिरवर..." एवढं ऐकताच त्यांनी हळुवार हात वर केला.

"मावशी, दुःख पुन्हा सांगायला लावणं म्हणजे खपली काढणं. आमच्या धोरणात ते बसत नाही."

"पुन्हा कशाले, बाई? एकदाबी कोनले सांगेल नही."

रुचिकाताईंनी धोरण चाळलं. पहिल्या वेळेला खरोखरच बंदी नव्हती. फक्त ही वेळ पहिलीच असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला हवा होता.

फुलवंताबाई गावी परतल्या. ग्रामसेवक चुनीलाल यांनी कोरा अर्ज पुढे ओढला. "काय सांगितलं नाही, ते थोडक्यात सांगा. त्याशिवाय दाखला कसा देणार?"

कार्यालयात रेशनकार्डवाले सात जण कान देऊन बसले होते. फुलवंताबाईंनी दोन वाक्यं सांगितली. तेवढ्यात चुनीलाल यांना साहेबांचा फोन आला, म्हणून त्यांनी 'विहिरीबाबत' एवढंच लिहून शिक्का मारला. सातही जण मात्र कामं टाकून लगबगीने घरी गेले.

दुसऱ्या दिवशी रुचिकाताईंनी दाखला वाचला आणि त्यांचे डोळे पाणावले. "म्हणजे मावशी, तुमचं सांगून झालंय. आता पुन्हा नको."

"त्यानी कोठे ऐकं, बाई? तो फोनवर बोली ऱ्हायंता."

"ऐकण्याचा विषय ग्रामपंचायतीकडे येतो."

वर्षअखेरच्या अहवालात नमूद झालं : केंद्रात एकही लाभार्थी रडला नाही. त्याबद्दल केंद्राला ढाल मिळाली.

फुलवंताबाई अजून जाग्याच आहेत. विहिरीवर काय घडलं, हे त्यांना कुणीच विचारलं नाही. तुम्हीही इथवर हसत आलात. तुम्ही तरी कुठे विचारलंत?