बिनविरोध गाव आणि तात्या

भर सभेत 'नाही' म्हणणारा माणूस तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?

मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्यावर आमचं गाव आहे. तिथं असा एक माणूस आहे. तात्या. ग्रामसभा असो की दूधसंस्थेची बैठक, ठराव वाचून व्हायच्या आत त्यांचा हात वर. "माजा विरोध लिवा." सभेनंतरच्या चहालाही विरोध, आणि तो लिहून झाला की दोन कप चहा. एकदा गावानं त्यांचाच सत्कार ठरवला. त्यालाही त्यांनी विरोध नोंदवला, मग नारळ घेऊन घरी गेले.

पाच वर्षांपूर्वी आम्ही दूधसंस्थेच्या जुन्या चेअरमनला खाली खेचलं. वीस वर्षं ते बिनविरोध निवडून येत होते. पत्रकं मी लिहिली. तात्यांचा पुतण्या संपत टेम्पोच्या टपावर चढून बोलला आणि अख्खं गाव रस्त्यावर उतरलं. तो चेअरमन झाला तेव्हा मी आनंदानं रडले. तात्यांनी त्या दिवशीही विरोध लिहायला लावला. आम्ही त्यांना खुळ्यात काढलं.

आता संपतविरुद्ध जो बोलेल त्याच्या दुधाला फॅट कमी लागते आणि भाव पडतो. यंत्र तेच, म्हशी त्याच. मी गप्प बसले, कारण 'बदलाला शत्रू असतात' हे वाक्य माझ्याच पत्रकातलं होतं. तात्यांची फॅट तर तळाला गेली. ते म्हणतात, "माजी म्हस विरोधी पक्षात गेली." लोक हसतात, पण आधी मागं वळून बघतात.

उद्या दूधसंस्थेच्या निवडणुकीच्या अर्जाची मुदत संपते. निवडणूक बिनविरोध करून गावाची इज्जत राखा, असा संपतचा निरोप घरोघर आलाय. तात्यांनी त्याच्यासमोर उभं राहायला अर्ज आणला, पण सूचक म्हणून सही कुणी देईना. कुणी घरी नव्हतं, कुणाचा चष्मा सापडत नव्हता. काल ते माझ्याकडं आले. आमचं घर दोन म्हशींवर चालतं. आई दाराआडून मानेनंच नको म्हणत होती.

सख्ख्या पुतण्याशी एवढं वैर कशाला, असं मी विचारलं.

तात्यांनी अर्जाची घडी केली, पुन्हा उलगडली. मग म्हणाले, "वैर कुठलं, पोरी. त्याची आई गेल्यावर म्याच वाडवला त्याला. लई गुणाचं लेकरू. आता समदी व्हय व्हय म्हणत्यात, खरं कुणी बोलत न्हाई. येकटा पडलाय त्यो. दारात गेलो तर त्याची मानसं मला आत सोडत न्हाईत. अर्जावर तरी माजं नाव वाचंल."

मी सही केली. आईकडं बघितलं नाही. आज सकाळी आमच्या दुधाची फॅट उतरली.

अर्जावर दुसरी सही लागते, ती अनुमोदकाची ओळ अजून कोरी आहे. संस्थेचे सभासद असाल, तर उद्या दुपारी तीनच्या आत तात्यांकडं या आणि त्या ओळीवर सही करा. दुसऱ्या गावचे असाल, तर तिथली कोरी ओळ शोधा. भीती वाटत असेल, तर भीतीसकट या.