साक्षीला रिकामी बाटली

विजयमालाबाईंच्या हातातली वस्तू आजवर कुणी काढून घेतली नव्हती. मुंढव्याच्या मळ्यातली मेथी-कोथिंबीर घेऊन त्या तीस वर्षं मार्केट यार्डात उभ्या राहिल्या. नवरा गेल्यावर तर एकट्याच. भाव पाडणारे आले, जुड्या कमी मोजणारे आले, गोड बोलून दोन जुड्या पिशवीत सारणारे आले. सगळे आले तसे हात हलवत गेले. मळ्याच्या खालच्या अंगाला काचेच्या इमारती उठल्या, त्यांत कॉम्प्युटरवाली माणसं भरली, तरी वरचा दोन एकरांचा तुकडा बाईंनी बिल्डरच्या घशात जाऊ दिला नाही. मग अमेरिकेतून पुण्याला एक बाटली हातात धरून आणायची, त्यात अवघड ते काय? हे त्या स्वतःच लेकीला म्हणाल्या होत्या आणि चांगल्या ठसक्यात म्हणाल्या होत्या.

अवघड एवढंच होतं, की बाटली दारूची होती.

लेक तेजस्विनी आणि जावई पृथ्वीराज, दोघंही अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीला. लेकीच्या बाळंतपणासाठी बाई पाच महिने तिकडे जाऊन राहिल्या. नातू झाला. दिवाळीत त्याला घेऊन दोघं पुण्याला येणार आणि त्याचं जावळ काढायचं ठरलं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मामा म्हणजे बाईंचा मुलगा शंभू. ते आपल्याच अंगणात व्हावं, गावकीनं बघावं, एवढी एकच हौस बाईंनी उरात धरली होती.

आडवे आले ते व्याही. खराडीचे आप्पासाहेब. त्यांनी हॉटेलातला हॉल सांगून ठेवला होता आणि निरोप धाडला होता, की ज्या अंगणात आमच्या माणसांचा अपमान झाला, तिथं आमचा नातू बसणार नाही.

अपमान कसला? दोन वर्षांपूर्वी लग्नात बाईंनी मांडवाच्या दारात दोन पुतणे उभे केले होते. ज्याच्या तोंडाला वास येईल, त्याला पंगतीत बसू द्यायचं नाही. पुतणे आज्ञाधारक. त्यांनी येईल त्याच्या तोंडाशी नाक नेलं आणि पहिलाच मासा गळाला लागला तो आप्पासाहेबांचे थोरले दाजी हिंदुराव. दाजी उपाशी परतले, त्यांच्या मागोमाग आप्पासाहेब भरल्या ताटावरून उठले, आणि तेव्हापासून त्यांनी मुंढव्याच्या वेशीत पाय ठेवला नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी जावयानं चहा पिता पिता सांगितलं, "आई, बाबांचा राग मोठा दिसतो, पण तो एका बाटलीत मावतो. एक चांगली घेऊन जा, माझ्या नावानं द्या. ते स्वतः अंगणात येऊन बसतील."

बाईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. हेच शंभू बोलला असता, तर लाटणं त्याच्या पाठीत बसलं असतं. पण जावयावर लाटणं उगारता येत नाही. त्याला नाही म्हणता येत नाही, आणि चहा पुन्हा हवा का हेही विचारावं लागतं.

त्यानं बाटलीचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं, डॉलर दिले. लेकीनं चाकाच्या खुर्चीची सोय केली. बाई अजून पोतं उचलतील अशा, पण इंग्रजी येत नाही म्हणून तिकडून येणाऱ्या सगळ्या आया खुर्चीत बसूनच येतात. ढकलणारा माणूस बरोबर विमानाशी नेऊन सोडतो, कुणाला काही विचारावं लागत नाही. तर अशा बाई खुर्चीत बसून, पदर सारखा करत, विमानतळावरच्या दारूच्या दुकानात शिरल्या. मुंढव्यात दारूचं दुकान लागलं की त्या रस्त्याची बाजू बदलायच्या. इथे तर खुर्ची दुसऱ्याच्या हातात!

चिठ्ठी दाखवली, पैसे दिले. बाटली मिळाली ती विमानाच्या दाराशी, पारदर्शक पिशवीत घालून. पिशवीचं तोंड चिकटवून बंद केलेलं आणि बिल आत, सगळ्यांना दिसेल असं. दुकानातली बाई काहीतरी बजावून सांगत होती. विजयमालाबाईंनी मान डोलावली. न कळलेल्या गोष्टीला मान डोलावण्याची सवय त्यांना अमेरिकेतच लागली होती. मनात मात्र संताप मावत नव्हता. एवढा मोठा देश, चंद्रावर माणसं पाठवतो, आणि बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची अक्कल नाही!

विमानात शेजारी सदाशिव पेठेतलं एक वयस्कर जोडपं आलं. गृहस्थांनी चष्मा वर केला, पिशवीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

"आपण एकट्याच आहात का?" त्यांनी विचारलं. "नाही, बाटली मोठी दिसते म्हणून म्हटलं."

त्यांच्या बायकोनं खिडकीकडे तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते.

विमान वर जाताच बाईंनी ती पिशवी दातांनी फाडली. बिलाचे बारीक तुकडे केले. कारण आहेरावर किंमत ठेवणं हे आपल्यात बसत नाही. घेणाऱ्याला वाटतं, देणाऱ्यानं मुद्दाम ठेवली. बाटलीवरची किमतीची चिकटपट्टी नखानं खरवडून काढली. मग लेकीनं आठवण म्हणून दिलेलं नातवाचं दुपटं काढलं आणि त्यात बाटली गुंडाळली. आता मांडीवर काय आहे ते कुणाला कळणार नव्हतं. दुपट्याला बाळाचा वास येत होता. तो घेत घेत बाई अर्धी रात्र रडल्या आणि डोळे टोमॅटोसारखे करून घेतले.

मधे आखातातल्या एका विमानतळावर विमान बदलायचं होतं. तिथे सामान पुन्हा तपासतात. तपासणीवर केरळकडची एक मुलगी होती, हिंदी बोलणारी. तिनं दुपटं उलगडलं आणि मान हलवली.

"माजी, ये नहीं जाएगा. थैली किधर है? बिल किधर है?"

"बिल फाड्या," बाई मार्केट यार्डातल्या हिंदीत म्हणाल्या. "आहेर का बिल कोई दिखाता है क्या?"

मुलीनं समजावलं. बंद पिशवी आणि आत बिल असेल तरच दुकानातली बाटली पुढे नेता येते. उघडी बाटली म्हणजे आत काय भरलंय कुणाला माहीत. बाईंना हे अजिबात पटलं नाही. त्यांनी सुनावलं, की पोतं उसवलेलं आलं तर आम्ही पुन्हा मोजून घेतो, माल उकिरड्यावर टाकत नाही. मग तुमचा हा कुठला बाजार? वास घेऊन बघ म्हणाल्या. थोडी चाखूनही बघ म्हणाल्या. मागे रांग लांबली. सदाशिव पेठेतले गृहस्थ रांगेतच होते. ते बायकोला म्हणाले, "बघ, शेवटी वाटून घ्यायची तयारी आहे त्यांची."

शेवटी मुलीनं बाटली इथेच ठेवून जा म्हणून सांगितलं. म्हणजे बाई गेल्यावर ही मंडळी आपसांत वाटून पिणार! बाईंनी बाटलीची मान दोन्ही हातांनी धरली. ओतायची तर मी ओतणार, माझ्या हातानं ओतणार, आणि रिकामी बाटली बरोबर नेणार. व्याह्यांना काय सांगू? आणलीच नाही असं वाटेल त्यांना. साक्षीला बाटली तरी हवी.

मुलगी मोठ्या साहेबाला विचारून आली. तोही रांगेला कंटाळला होता. बाईंना मोरीपाशी नेलं. जावयाचे डॉलर मोरीतून गडगडत गेले. रागाच्या भरात बाईंनी बाटली एकदम उपडी केली, त्यामुळे चांगली अर्धी ओंजळ पदरावर सांडली. बूच लावलं, दुपट्यात गुंडाळलं, आणि बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. हातातली वस्तू कुणी काढून घेतली नव्हती, हे खरंच होतं. आतली तेवढी गेली होती.

मुंबईला विमान सकाळी उतरलं. बाईंना वाटलं होतं शंभू एकटा येईल. दाराबाहेर बघतात तर शंभूच्या शेजारी आप्पासाहेब. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात गुलाबाचा हार. अमेरिकेतून मुलाचा बाटलीबद्दल फोन आला होता, म्हणून दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून शंभूला फोन केला होता आणि मलाही खराडीतून उचल म्हणाले होते. बाटलीची वाट बघणारा माणूस वऱ्हाडाच्या आधी पोचतो.

त्यांना काय दिसलं? ज्या बाईनं दाजींना पंगतीत बसू दिलं नाही, ती बाई चाकाच्या खुर्चीत बसून ढकलत आणली जात होती. डोळे लाल, केस विस्कटलेले, मांडीवर गुंडाळी. आप्पासाहेब हार घालायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. पदराचा वास त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता.

बाईंनी गुंडाळी पुढे केली. त्यांनी दुपटं उलगडलं. बाटली उन्हात धरली, उलटी केली, सुलटी केली.

"मोरीत वतावी लागली," बाई म्हणाल्या.

"मोरीत," आप्पासाहेब म्हणाले.

बाईंनी सगळं सांगितलं. पिशवी, बिल, केरळची मुलगी. आप्पासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हणजे सरकारी माणसानं दारू जाऊ दिली नाही, पण बाटली परत दिली?"

हे कानाला कसं लागतं, ते बाईंना पहिल्यांदाच कळलं. त्यांनी शंभूकडे पाहिलं. शंभू गाडीची चावी शोधत होता. चावी हातातच होती.

गाडी घाटाकडे निघाली. बाई खिडकीशी धुमसत होत्या. जन्मात थेंब तोंडात गेला नाही, आणि हा माणूस, ज्याच्या घरातल्या बाटल्या भंगारवालाही मोजायचा थांबला, तो आपल्याकडे दयेनं बघतो! आणि आता जावळ हॉटेलात. मावळ्याच्या पोशाखातले वाढपी, गार पडलेल्या पुऱ्या, आणि शंभूच्या मांडीवर नातू कुणा परक्याच्या गालिच्यावर.

घाट चढून गेल्यावर आप्पासाहेबांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरून स्वतः लिंबाचं सरबत घेऊन आले.

"घ्या, विहीणबाई. मीठ जास्त घालायला लावलंय. उतरतं लगेच."

"आप्पासाहेब, म्या प्याले न्हाई. मोरीत वतली."

"मीही घरी हेच सांगतो," आप्पासाहेब मायेनं म्हणाले. "पंचवीस वर्षं सांगतोय. शब्दसुद्धा हेच."

बाईंनी तोंड उघडलं, पण ते थांबले नाहीत. म्हणाले, लग्नात वाटलं होतं ही बाई म्हणजे नुसता पाषाण. हिच्या अंगणात जायचं म्हणजे शाळा तपासायला आलेल्या साहेबापुढे उभं राहायचं. म्हणून तर हॉल सांगितला. पण आज बरं वाटलं. माणूस आहे म्हटल्यावर एखाद्या वेळी होतं, लांबचा प्रवास, लेकीची आठवण. आपल्या माणसाच्या अंगणात जावळ करायला कुणाची ना आहे?

मग ते जवळ सरकले आणि आवाज खाली आणला.

"फक्त एकदा खरं बोला. मोरीचं सोडा. माझ्याशी खोटं बोलणाऱ्याच्या दारात मी येत नाही."

बाईंनी समोर पाहिलं. आरशात शंभूचे डोळे होते. जन्मदात्रीला पहिल्यांदा बघावं तसे ते बघत होते. बाईंच्या पोटातून सगळी शपथ वर आली. देवाची, नवऱ्याची, तीस वर्षांच्या मापाची. शिळी जुडी कधी ताजी म्हणून दिली नाही या बाईनं. पण त्या शपथेच्या मागोमाग अंगणही आलं. सारवलेलं, पाट मांडलेला, पाटावर शंभू आणि त्याच्या मांडीवर ते चिमुकलं डोकं.

बाईंनी सरबताचा पेला हातात घेतला.

"इमानात गारठा लई हुता," त्या म्हणाल्या.

आप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली. एवढे खूश ते लग्नातही झाले नव्हते. तिथूनच त्यांनी अमेरिकेला फोन लावला, मुलाला झोपेतून उठवलं आणि सांगितलं, की हॉल सोडला, जावळ मुंढव्यालाच, आणि बाटली पोचली. मला नाही रे, योग्य माणसाला पोचली. दिवाळीला येताना दोन आण, एक तुझ्या सासूबाईंची वेगळी. मग खराडीला दोन फोन केले, मांजरी गावाला एक, आणि सगळ्यांना गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की अख्खी बाटली, एका बैठकीत, आणि बोलण्यात फरक नाही.

शंभूनं हळूच विचारलं, "आई, खरंच?"

"तू रस्त्याकडं बघ," बाई म्हणाल्या.

आणि त्या सरबत प्यायल्या. रडून रडून धरलेलं डोकं तिसऱ्या घोटाला उतरलं. आप्पासाहेब म्हणाले होते अगदी तसंच, लगेच. त्या सगळ्या प्रवासात बाईंना सगळ्यात जास्त राग आला तो याचा.