चुकलं तर माह्यावर

माझ्या दादासमोर कुकरलाही स्वतःच्या मर्जीने शिट्टी देता येत नाही. तो लाटणं उचलतो, डोळे मिटतो, हात खाली आणतो. शिट्टी झाली की म्हणतो, "बघ, बराबर समेवर आली!" नाही झाली तर चूक कुकरची, किंवा माझी.

अंकुशनगरला साखर कारखान्यात तो फिटर होता. सहा संगीत नाटकांना त्याने चाली लावल्या. प्रयोग झाला एकाचा, गणपतीत, तोही निम्मा. दुसऱ्या अंकात पाळीचा भोंगा झाला आणि नायक मिशी काढून ड्यूटीवर गेला. दादाने म्हणे भोंग्यालाही हात दाखवून थांबवून पाहिलं. गाणाऱ्यांना त्याचा एकच धीर असायचा, "बिनधास्त गा. चुकलं तर माह्यावर ढकला."

माझ्या मुलीच्या लग्नात, जालन्याच्या कार्यालयात, हा सकाळपासून बँडसमोर उभा. हातात लाटणं. माझंच! "ओ क्लॅरनेट, जल्दी करून राह्यले तुम्ही! ढोल, दमानं!"

पाहुणे हसायला लागले. विहीणबाईंनी विचारलं, "हे कोण हो?" साखरपुड्याला मी दादाला मुद्दामच कळवलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी त्याला पाहिलेलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "बँडवाले आहेत."

दादा चार हातांवर होता. लाटणं खाली आलं.

तेवढ्यात भटजी ओरडले, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!"

सख्खा मामा एकच, आणि त्याला मी आत्ताच बँडवाला करून टाकलेलं! मी दादाकडे बघितलं. त्याने ढोलवाल्याची लाल टोपी मागून घेतली, डोक्यावर चढवली आणि बँडच्या रांगेत शिरला. मी हाक मारायला हवी होती. मारली नाही. शेवटी माझा चुलतभाऊ मुलीला घेऊन आला. ती मान वळवून वळवून दादाला शोधत होती.

आणि बँडची चाल बदलली. मुलगी पाळण्यात असताना दादाने तिच्यासाठी बांधलेली अंगाई. सकाळपासून तो त्यांच्याकडून हीच घोटून घेत होता.

जेवायला तो बँडवाल्यांच्याच पंगतीत बसला. मी वरणाचं भांडं घेऊन समोर उभी राहिले.

"दादा, माझं चुकलं रे."

"मंग? माह्यावर ढकललं ना? तसंच ठरलंय आपलं. वाढ, वरण गार होऊन राह्यलं."

टोपी मात्र त्याने काढली नाही. विहीणबाई समोरच्याच पंगतीत होत्या.