कोरड्या लेनचे गमरेकाका

गमरेकाका कुणाच्याही घरी गेले की चपला काढतात, खाली वाकतात आणि फरशीवरून बोट फिरवतात. मग ते बोट अंगठ्यावर चोळून निकाल देतात, "कोरडी." किंवा, "जरा तेल हाय." त्यानंतर पाणी, चहा, तब्येतीची चौकशी वगैरे. आमच्या सीवूड्सच्या सोसायटीत नवी सून आली की सासू तिला आधीच समजावून ठेवते, "ते तुझ्या झाडू-पोछ्यावर शंका घेत नाहीत गं, त्यांची सवयच आहे ती."

ही सवय लागली बॉलिंगमुळे. काका मूळचे महाडकडचे, आयुष्य गेलं सरकारी खात्यात आवक-जावक सांभाळण्यात. लेकीच्या, म्हणजे प्रज्ञाच्या दहाव्या वाढदिवसाला ते तिला मॉलमध्ये बॉलिंग खेळायला घेऊन गेले. पोरीनं पहिल्याच चेंडूत सगळ्या पिना आडव्या केल्या आणि काका कामातून गेले ते गेलेच. प्रज्ञा आज कॉलेज संपवून स्पर्धा गाजवते. काका स्वतः टाकतात तेव्हा मात्र चेंडू न चुकता बाजूच्या नालीत जातो. "मला खेळता येत नाय, मला समजतं," असं ते छाती काढून सांगतात, आणि ते अगदी खरं आहे.

त्यांना काय समजतं, ते मी थोडक्यात सांगू शकतो, कारण त्यांनी मला ते लिफ्टमध्ये सांगितलंय, भाजीवाल्यासमोर सांगितलंय आणि एकदा दाढ दुखत असताना दवाखान्याच्या बाकावरही सांगितलंय. बॉलिंगच्या लांब लाकडी पट्टीला, म्हणजे लेनला, डोळ्यांना दिसणार नाही असं तेल लावतात. तेलावर चेंडू घसरत जातो, पुढे तेल संपलं की जमीन पकडतो आणि वळून पिनांत घुसतो. पण मॉलमधल्या लेनवर दुपारपर्यंत तेल कुठलं उरायला? तिथं पकडीचा महागडा चेंडू टाकला तर तो अर्ध्या वाटेतच वळतो आणि पिनांपाशी पोचेपर्यंत त्याच्यात जीव राहत नाही. म्हणून कोरड्या लेनला साधा, कडक, गुळगुळीत प्लास्टिकचा चेंडू घ्यायचा. "जिथं जमीनच धरून ठेवते, तिथं आपन धरायचं नाय," इति काका.

प्रज्ञाकडे दोन्ही चेंडू आहेत. जांभळ्या, महागड्या चेंडूला काका 'जावईबापू' म्हणतात, कारण जरा कोरडं मिळालं की ते तोंड फिरवतात. दुसरा पांढरा, प्लास्टिकचा. त्याला नाव नाही. "घरच्या मानसाला कशाला पायजे नाव?" असं काकांचं म्हणणं.

"आधी लेन बघा, मग चेंडू," हे त्यांचं पालुपद. कुणी मुलीसाठी स्थळ शोधत असो की पायांसाठी बूट, काकांचा सल्ला ठरलेला. मी मोठी गाडी घ्यायला निघालो तेव्हा त्यांनी मला हाताला धरून खाली नेलं, पार्किंगमधला खांब दाखवला आणि तेच वाक्य ऐकवलं. मी छोटी गाडी घेतली आणि आज सुखी आहे.

गमरेकाकू या सगळ्याला पुरून उरल्या आहेत. एकदा त्या माझ्यासमोरच म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी माझी लेन बघितली होती का, विचारा यांना."

"बघितली होती की," काका म्हणाले. "एकदम कोरडी. म्हनून तर साधा मानूस मिळाला तुला."

प्रज्ञा लहान असताना तेलातला आणि कोरड्यातला फरक तिला दाखवायचा म्हणून काकांनी आमच्या मजल्याच्या पॅसेजला खोबरेल तेल लावलं. लिफ्टपासून अर्धा पॅसेज तेलाचा, पुढचा कोरडा. ते चेंडू आणायला आत वळतात न वळतात तोच सोसायटीच्या सेक्रेटरी देशमुखबाई मीटिंगचे कागद वाटायला लिफ्टमधून बाहेर पडल्या. बाई कागदांसकट सरळ निघाल्या, कोरडा भाग लागताच डावीकडे वळल्या आणि माझ्या दारावर येऊन थडकल्या. नशिबानं लागलं काही नाही. पण त्यांना उठवायला धावलेल्या काकांच्या तोंडून निघूनच गेलं, "प्रज्ञा, बघितलंस? तेल संपलं तिथंच वळल्या!" नंतर काकांनी अख्खा पॅसेज सोडा टाकून स्वतः घासला. पण देशमुखबाई तेव्हापासून आमच्या मजल्यावर भिंत धरूनच चालायच्या.

काकांचे कान ही तर आमच्या मजल्याची दौलत. मॉलमध्ये ते लेनकडे पाठ करून चहा पीत बसतात आणि नुसत्या आवाजावरून चेंडू ओळखतात. "हा पकडीचा, घरघरतोय बघा. हा प्लास्टिकचा, कसा सूंऽ गेला!" मी दर वेळी वळून खात्री करून घेतली आहे, ते कधी चुकलेले नाहीत. प्रज्ञाचे दोन चेंडू तर ते शेकडो चेंडूंतून ओळखतील.

या वर्षी राज्याच्या संघासाठी निवड पुण्याला होती आणि नेमकं त्याच आठवड्यात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. प्रज्ञा पहिल्यांदाच बापाशिवाय खेळायला गेली. निवडीच्या सकाळी मी त्यांना धीर द्यायला गेलो. खरं म्हणजे मलाच घरात चैन पडत नव्हतं. काका सोफ्यावर, पाय स्टुलावर, फोन मांडीवर.

"लेन अनोळखी हाय तिथली," ते सारखे म्हणत होते. "जावईबापूवर पोरीचा भारी जीव. लेन कोरडी निघाली आनि तिनं त्यालाच हातात घेतलं, तर गेलं सगळं. आपन इथं पाय वर करून बसलोय!"

तेवढ्यात फोन वाजला. काकूंनी स्पीकर लावला.

"बाबा, सराव चालू आहे. टेन्शन आलंय. कुठला घेऊ?"

"एक टाक आधी. मला ऐकू दे."

आम्ही तिघं श्वास रोखून बसलो. चेंडू गेल्याचा आवाज आला, मग पिना पडल्याचा. मला त्यातून कप्पाळ काही कळलं नाही. काकांनी डोळे मिटले होते. ते उघडायला त्यांना जरा वेळ लागला.

"कोरडी हाय गं," ते म्हणाले. "जावईबापूंना राहू दे पिशवीत. पांढरा काढ. नीट पुसून घे. मनगट वळवू नको, सरळ सोड. घाई करू नको. पानी प्यायलीस का?"

"हो बाबा."

"आनि मनात काय धरून ठेवू नको. सोडून दे."

"हो बाबा. पांढराच काढते."

दुपारी पुन्हा फोन आला. निवड झाली होती! आमच्या इमारतीत असा कल्ला दिवाळीतही होत नाही. काकू रडत होत्या आणि शिरा भाजत होत्या. मी वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना "आमच्या मजल्यावरची मुलगी" असं सांगत सुटलो. देशमुखबाई पेढे घेऊन आल्या त्या तरातरा, भिंतीला हातही न लावता.

सगळे गेल्यावर मी काकांजवळ बसलो. "काका, मानलं तुम्हाला," मी म्हणालो. "इथं सोफ्यावर बसून पुण्याचा चेंडू निवडलात!"

काकांनी काकू स्वयंपाकघरात आहेत ना, ते बघून घेतलं. मग हळूच म्हणाले, "कुनाला बोलू नका. तिनं मला ऐकवला ना, तो पांढराच होता."

"म्हणजे?"

"म्हंजे काय! लेन तिनं आधीच बघितली होती. चेंडूपन निवडला होता."

"अहो, मग तुम्ही एवढं सांगत का बसलात?"

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. तो बराच वेळ पुसला. त्या माणसाचा एवढा अभिमान मला आधी कधी वाटला नव्हता.

"ती एवढं विचारत होती ना," ते म्हणाले. "सगळं येतं तिला, तरी विचारते. आता कुनाची पोर विचारते हो?"