दामूअण्णांची उघडी दारं

आमच्या वाडीतल्या सगळ्या बंद घरांची दारं दामूअण्णांनी उघडली, आणि तीही कुलपाला हात न लावता.

दामूअण्णा म्हणजे आमचे भाडेकरू. खरं नाव दामीर, गाव बोस्नियात, धंदा चित्रकाराचा. तीन वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी म्हणून गणपतीपुळ्याला आले आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात आमच्या पडवीत रंग सांडत असतात. 'दामीर' वाडीच्या तोंडात बसेना, म्हणून आम्ही त्यांचे दामूअण्णा केले.

त्यांची चित्रं तिकडे संग्रहालयात आहेत, हे आम्हाला मोबाइलवर कळलं. सरपंचांनी लगेच त्यांचा यथोचित गौरव केला. म्हणजे शौचालय योजनेची भिंत रंगवायला दिली. अण्णांनी मन लावून रंगवली. फक्त शौचालयाचं दार सताड उघडं दाखवलं.

"अहो, निदान कडी तरी लावा!" सरपंच ओरडले.

"थोडं उघडं राहू दे," अण्णा म्हणाले.

हे त्यांचं पालुपद. मराठी ते माझ्या बायकोकडून, तिची बोलणी खात खात शिकले. कारण आमच्या स्वयंपाकघराचं दारही ते लावू देत नाहीत आणि मांजराचं फावतं.

आमच्याकडे माणसं मुंबईला आणि कुलपं इथे. गणपतीत नि शिमग्यात घरं उघडतात, बाकी वर्षभर पालींचं राज्य. अण्णा चित्रात हीच घरं काढतात. जांभ्याची पायरी, फुटकं कौल, सगळं जसंच्या तसं. दार तेवढं उघडं आणि आत दिवा लागलेला.

यंदा मी हौसेने मुंबईकर बाळूच्या बंद घराचं चित्र वाडीच्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी बाळू मुंबईहून थेट चुलतभावाच्या अंगणात हजर, खिशात वकिलाचं कार्ड. या भावाशी, वसंताशी, त्याचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

"माझं कुलूप कोणी काढलान?"

"मेल्या, तुझ्या घरात वाळवीशिवाय आहे काय न्यायला?" वसंता खवळला.

दोघं तावातावाने घराकडे गेले. कुलूप जागच्या जागी गंजत होतं. तो फोटो नसून अण्णांचं चित्र आहे, असा मी खुलासा केला. बाळू ओशाळला, पण माघार घेईल तो बाळू कसला! "आलोच आहे तर उघडून बघतो," म्हणाला. किल्ली फिरेना. शेवटी वसंतानेच घरून खोबरेल आणलं. दार उघडलं. वाळवी होतीच. वसंताच्या बायकोने केर काढला आणि दोघांना तिथेच चहा दिला.

अण्णा समोरच्या गडग्याच्या दगडी भिंतीवर बसून बघत होते. मी म्हटलं, "अण्णा, भांडण मनाला लावून घेऊ नका."

"चांगलं भांडण," ते म्हणाले. डोळे भरले होते. "माझं पहिलं चित्र माझ्याच घराचं. लढाईत घर गेलं. भाऊ कुठे गेला, कळलं नाही. मी दार उघडं काढलं. तीस वर्षं संग्रहालयात आहे. मी वाट बघतो. भाऊ येईल, माझ्यावर ओरडेल, कुलूप कोणी काढलान?"

घरी येऊन मी सगळं बायकोला सांगितलं.

काल मांजराने पुन्हा बांगडा नेला. बायको तणतणत दार लावायला उठली आणि थोडं उघडंच ठेवून परत आली.