बद्रीनाथच्या बांधावरचा ड्रॅगन

येत्या रविवारी ड्रॅगन मरणार, आणि तो आपल्याच जेवणाच्या टेबलावर मरणार, असं विलासने घरात जाहीर केलं तेव्हा त्याची बायको पंचशीला भाकरी थापत होती. तिने एवढंच विचारलं, की मग रविवारपर्यंत जेवायचं कुठे? विलास म्हणाला, खाली बसून. मोठ्या कामासाठी माणसाने थोडी अडचण सोसली पाहिजे. हे तो इतक्या गंभीरपणे म्हणाला, की पंचशीलाने भाकरी तव्यावर टाकली आणि विषय सोडून दिला.

विलास मोजणी खात्यात भूकरमापक. राहायचा घाटनांदूरला, नोकरी शेजारच्या तालुक्यात, आणि आठवडाभर लोकांच्या शेतांचे कोपरे शोधत उन्हात फिरायचं. महिन्यातला एक रविवार मात्र त्याचा स्वतःचा असे. त्या दिवशी तो एसटीने बीड गाठायचा. तिथे त्याचा कॉलेजातला मित्र रविराज फिजिक्सचा क्लास चालवतो. क्लासला सुट्टी असली की रविराज, विलास आणि आणखी दोन मित्र बाकं जोडून खेळायला बसत. खेळ असा, की रविराजने गोष्ट सांगायची, बाकी तिघांनी गोष्टीतले वीर व्हायचं, आणि वीस बाजूंचा फासा टाकला की तलवार लागली का हुकली ते ठरायचं. विलासच्या वीराचं नाव वज्रबाहू. दोन वर्षं हा वज्रबाहू जंगलं आणि भुयारं तुडवत एका ड्रॅगनच्या मागावर होता, आणि आता कुठे ड्रॅगनचा गड टप्प्यात आला होता. रविराज म्हणाला होता, विलासने डोंगर, नदी, गड असा सगळा मुलूख पुठ्ठ्याचा करून दाखवला तर शेवटची लढाई त्याच्या घरी. नाहीतर आहेच आपलं नेहमीचं बाक आणि खडूच्या रेघा.

झालं, विलासच्या अंगात वारं शिरलं. ऑफिसात मान खाली घालून वावरणारा हा माणूस घरी येऊन खोकी कापायला लागला की कुणाचं ऐकेना. टीव्हीच्या दुकानातून खोकी आली. पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून डोंगर उठला. अंड्यांच्या ट्रेचे खडक झाले, चहाचा चोथा उन्हात वाळवून माती झाली. गड कागदाचा होता. जाड कागदावर छापून आणलेला, घडीच्या रेघा संपलेल्या रिफिलने दाबून घेतलेल्या, म्हणजे बुरुजाच्या कडा कशा धारदार येतात. नदी आणि गडाच्या मधल्या दरीत काय करावं हे मात्र सुचेना. मग त्याने खोक्याचा वरचा कागद ओला करून सोलला. आत पुठ्ठ्याच्या पन्हाळ्या निघाल्या. त्यावर चोथा भुरभुरला आणि बघतो तर नांगरून सऱ्या पाडलेलं रान हुबेहूब तयार! रान ओकंबोकं दिसू नये म्हणून मधोमध बांधासारखी पुठ्ठ्याची पट्टी लावली, आणि पट्टीवर पिळलेल्या कागदाचं एक वाकडंतिकडं झाड. गोष्टीत तिथे वेताळ राहायचा.

गोंद वाळावा म्हणून टेबल ओसरीत आणून ठेवलं आणि राखणीला आईला बसवलं. इथेच चूक झाली. विलासची आई चतुराबाई ही पोराच्या नोकरीचा गावभर अभिमान मिरवणारी बाई. शेजारचे बद्रीनाथअण्णा विरजण मागायला आले, टेबलापुढे थबकले आणि त्यांनी विचारलं, हे काय मांडलंय? आता सरकारी नोकरीतला, पस्तिशी ओलांडलेला आपला मुलगा खोकी कापून खेळणी करतो, हे सांगायची तिला लाज वाटली.

"हापिसचं काम हाय त्याचं," ती म्हणाली.

बद्रीनाथअण्णा खाली वाकले. मागे डोंगर, पुढे नाला, मधे सऱ्या पाडलेलं रान, रानात बांध आणि बांधावर एक वाकडी बाभूळ. आपलं रान माणूस झोपेतही ओळखतो. अण्णांना विरजणाची आठवण राहिली नाही.

बद्रीनाथ आणि त्यांचा धाकटा भाऊ धर्मराज यांच्यात वाटणी झाल्यापासून तो बांध होता आणि बांधापासून अबोला होता. बाभूळ कुणाची, यावर दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. काही सांगायचंच झालं तर भिंतीकडे तोंड करून सांगायचे. शेवटी सरकारी मोजणी मागितली होती आणि तिची तारीखही आली होती. मोजणीला येणारे साहेब दुसरे, विलासचा त्या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. पण अण्णांनी ताडलं, की एकाच खात्यातली माणसं, कच्चं काम इथंच होत असणार. आणि या कच्च्या कामात बाभूळ चक्क अण्णांच्या बाजूला झुकली होती. ही गोष्ट अण्णांनी भिंतीला इतक्या मोठ्याने सांगितली, की धर्मराजाच्या घरात ती शब्दन् शब्द पोचली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विलास घरी आला तर वेताळाचं झाड बांधाच्या पलीकडे. त्याने झाड पुन्हा लावलं आणि मांजराला दोष दिला. त्याच्या पुढच्या दिवशी झाड जागेवर होतं, पण बांधच बोटभर सरकला होता. मग तो उलट्या बाजूला दोन बोटं सरकला. विलासने बायकोला विचारलं, आईला विचारलं, पालीचासुद्धा संशय घेतला. खरं म्हणजे त्याला कळायला हवं होतं. बांध कोरणं हे त्याच्या रोजच्या बघण्यातलं. नांगरताना दरसाल थोडंसं शेजाऱ्याकडे सरकायचं. ओरडावं एवढं ते नसतं आणि विसरावं एवढंही नसतं. पण हे आपल्या ओसरीत, पुठ्ठ्यावर चालू असेल, असं त्याच्या डोक्यात यावं तरी कसं?

शुक्रवारी तो लवकर घरी आला आणि धर्मराजदादा त्याला चमच्याने बांध खरवडताना सापडले. आई चहा करायला आत गेली होती. धर्मराजदादा दचकले नाहीत. चमचा धोतराला पुसून त्यांनी खिशात ठेवला आणि अण्णांनी सकाळी किती कोरलं ते बोट लावून दाखवलं. विलासने त्यांना खाली बसवलं आणि सगळं नीट समजावलं. हा खेळ आहे, हे रान कुणाचं नाही, त्या डोंगरावर ड्रॅगन राहतो. धर्मराजदादांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सायेब," ते म्हणाले, "खेळाला कुनी इतक्या सरळ सऱ्या पाडतं का? तुमाला सांगता येत न्हाई, ते समजतं आमाला."

विलास मग अण्णांकडे गेला. अण्णांनीही डोळा मिचकावला आणि त्याच्या पाठीवर थोपटलं. लढाई परवावर आलेली, आणि कोरून कोरून दरीचा पार चोथा झालेला. हे असंच चाललं तर रविवारी बीडची मंडळी येऊन काय बघणार? दोन वर्षं विलासने या दिवसाची वाट पाहिली होती. शेवटी त्याला जे येत होतं तेच त्याने केलं. पट्टी नवीन कापली, दोघा भावांना बोलावून घेतलं, टेपचं एक टोक अण्णांच्या हातात दिलं, दुसरं धर्मराजदादांच्या, आणि पंच म्हणून आईला उभं केलं. ऑफिसात वापरतो त्या आवाजात त्याने मापं वाचली. बांध रानाच्या बरोबर मधोमध बसवला, बाभूळ बरोबर बांधावर, आणि दोन्ही टोकांना हद्दीच्या खुणा म्हणून टाचण्या रोवल्या. मान्य आहे का, असं विचारल्यावर दोघांनी वेगवेगळ्या भिंतींकडे बघून मान हलवली. पंचशीला आत जाऊन बराच वेळ हसत होती. विलासला मात्र हायसं वाटलं. आपल्याइतका हुशार माणूस अख्ख्या खात्यात नसेल, असं त्याला त्या रात्री जेवताना वाटत होतं, खाली बसून जेवत होता तरी.

रविवारी रविराज आणि दोघे मित्र आले. रविराजने टेबलाभोवती एक फेरी मारली, बुरुजावर बोट फिरवलं आणि विलासला मिठी मारली. विलासचे डोळे भरून आले. तेवढ्यात इस्त्रीचे कपडे घालून दोघे भाऊ आले आणि खुर्च्यांवर दोन टोकांना बसले. आपल्याच रानाचं काम, म्हणून हजर राहिलेलं बरं.

खेळ सुरू झाला. नदी ओलांडली, भुतं मारली, फासे मनासारखे पडत होते. गडाकडे जायला आता एकच सरळ वाट होती, दरीतून. विलासने कागदाचा अंगठ्याएवढा वज्रबाहू उचलला आणि सऱ्यांमध्ये ठेवला.

"सायेब, कुठं निघालात?" बद्रीनाथअण्णा म्हणाले.

विलासने सांगितलं, ड्रॅगनकडे. अण्णांनी विचारलं, आमच्या रानातून? विलासने हसून सांगायचा प्रयत्न केला की कागदाचा माणूस आहे, त्याच्या पायाने काय तुडवलं जाणार? मित्रही म्हणाले, हा आमच्या खेळाचा नियम आहे, वीरांना कुठूनही जायचा हक्क असतो. अण्णांनी वज्रबाहूला दोन बोटांत धरून नदीपलीकडे नेऊन ठेवलं. या खुणा परवा कुणी रोवल्या, असं त्यांनी विलासला विचारलं. खुणा त्यानेच रोवल्या होत्या. मान्य आहे का, हेसुद्धा त्यानेच विचारलं होतं.

तेव्हा धर्मराजदादा दुसऱ्या टोकाच्या खुर्चीवरून उठून आले. भिंतीकडे न बघता सरळ थोरल्या भावाकडे बघून बोलले.

"अण्णा, आज पायी जातेत. उद्या बैलगाडी घालतेत."

"वहिवाट पडती," अण्णा म्हणाले.

"पडतीच."

 चतुराबाई हातातला चहा तसाच धरून उभी राहिली. वाटणीनंतर त्या दोघांचे एकमेकांना हे पहिले शब्द होते, आणि ते ऐकायला गावातलं दुसरं कुणी तिथे नव्हतं. विलासलाही ते समजलं. त्याला बरं वाटलं आणि रडूही आलं, कारण त्याची वाट आता दोघांनी मिळून अडवली होती.

रविराज गोष्ट सांगणारा माणूस, त्याला हे फारच आवडलं. वाटेत गावकरी आडवे आलेत, तो म्हणाला, काय करता? एक मित्र म्हणाला, तलवार काढतो. विलासने त्याचा हात धरला. अण्णा आणि दादा त्याच्याच ओसरीत त्याचाच चहा पीत बसलेले, आणि सोमवारी सकाळी त्यांच्याच दारावरून स्टँडवर जायचं! मग राहिलं डोंगराकडचं, कुणाच्याच मालकीचं नसलेलं गायरान. नुसते अंड्याच्या ट्रेचे खडक, आणि बरोबर ड्रॅगनच्या तोंडाखालून जाणारं. तिघे वीर तिकडून निघाले. ड्रॅगनने आग ओकली. दोघा मित्रांचे वीर जागीच जळाले. विलासने फासा दोन्ही हातांत घोळवला, डोळे मिटले आणि टाकला. एक पडला. वीस बाजूंच्या फाशावर याहून कमी काही नसतं.

वज्रबाहूला खडकांत आडवं निजवलं. दोन वर्षांचा सोबती गेला, आणि तो आपण स्वतः केलेल्या डोंगरावर गेला, याचं विलासला इतकं वाईट वाटलं की त्याला मान वर करवेना.

दोघे भाऊ जायला निघाले. पायरीवर बद्रीनाथअण्णा थांबले, मागे आले आणि आडव्या पडलेल्या वज्रबाहूकडे बघून हळहळले.

"लई वाईट झालं बघा, सायेब," ते म्हणाले. "पर तुमी हक्काचं बोलत बसलात. नुस्तं एकदा इचारलं असतं, तर आमी काय जाऊ दिलं नसतं व्हय?"