प्रमिलाबाईसाहेबांनी यंत्रमहालातला दोर कसा जोडिला

श्रीगजाननास, श्रीशारदेस आणि तारेतून धावते परी डोळ्यांस दिसत नाही त्या विद्युल्लतेस नमस्कार करोन, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, भौमवार, ते दिवशी जे घडले ते लिहिले जाते ऐसे.

नदीकाठच्या एका लहान तालुक्यात हेमांगीबाईसाहेब म्हणोन सूनबाई नांदत होत्या. विद्येने पदवीधर, कडेस अकरा महिन्यांची कन्या रेवा, आणि नजर ऐसी की घरातील कोणत्या सुईचे टोक कोणत्या दिशेस आहे हे निजेतही सांगावे. त्यांच्या सासूबाई प्रमिलाबाईसाहेब, वय सदुसष्ट, यांणी तरुणपणी तालुक्याचे टेलिफोन एक्स्चेंज पंधरा वर्षे सांभाळिले. फोन करणाराने नंबर सांगावा आणि बाईंनी हाताने दोर खोचून माणसास माणूस जोडून द्यावा, ऐसा तो काळ. पुढे आपोआप चालणारी यंत्रे आली आणि बाईंस फायलींचे टेबल मिळाले, परंतु यंत्राचे वेड गेले नाही, आणि गल्लीतले बिघडले रेडिओ, इस्त्र्या, पंखे शरण येऊन बाईंच्या ओसरीवर पडत आणि बरे होऊन जात. ऐशात बातमी आली की महानगरातल्या यंत्रमहालात, म्हणजे जुन्या यंत्रांच्या संग्रहालयात, एक्स्चेंजचा तो दोर खोचावयाचा जुना बोर्ड मांडिला आहे. बाई कढी ढवळीत एवढेच बोलिल्या, "एकदा बसून बघितलं असतं गं त्याच्यापुढे." साडेतीन वर्षांत सासूबाईंनी स्वतःकरिता काही मागितले ते हेच पहिले, म्हणोन सूनबाईंनी तेच क्षणी मोहीम नक्की केली.

मग मसलत जाहली. घरचे राजश्री कचेरीत गुंतले, सबब खाशा स्वाऱ्या तीनच. हेमांगीबाईंनी मोबाइलवर शोध करोन 'महानगरी यंत्रवेड्यांनी चुकवू नयेत अशी बारा ठिकाणे' ही यादी काढिली, आणि पाहातात तो बाराही चित्रांत दाढी राखलेले, पाठीस पिशवी अडकविलेले तरुण. बाई एकच, तीही कॉफीचा पेला धरोन कोणा वेड्याची वाट पाहात बसलेली. सूनबाईंच्या कपाळास तेथेच पहिली आठी पडली. तरी गरम पाणी, दूध, जंतुनाशक, कपड्यांचे चार जोड आणि सासूबाईंची रक्तदाबाची गोळी ऐसा दारूगोळा भरोन लाल गाडीने कूच केले आणि सकाळी अकराचे सुमारास महानगरी दाखल जाहले.

यादीतले पहिले ठिकाण सुट्या भागांची गल्ली. तेथे दुकानास दुकान भिडलेले आणि रेवाच्या हाताच्या उंचीवर उघड्या तारा लोंबत. सूनबाईंनी कन्या उजव्या कडेची डाव्या कडेस घेतली आणि प्रमिलाबाई मात्र देवळात शिरावे तैशा आनंदाने एका दुकानी शिरल्या आणि पुसिले, "दादा, बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आहे का, पंचवीस वॉटचं?" दुकानदाराने बाईंस ओलांडोन सूनबाईंकडे पाहिले.

"ताई, काकूंना काय पाहिजे?"

"त्यांनी सांगितलं ना आत्ता."

"ते ऐकलं हो. पण घरात वापरतं कोण? मिस्टरांना फोन लावून द्या, मी त्यांच्याशी बोलतो."

जिने सगळ्या तालुक्यास फोन लावून दिले तिला हे सांगणे! सूनबाईंचे कान तापले. परंतु प्रमिलाबाई शांतपणे बोलिल्या, "मिस्टर जाऊन दहा वर्षं झाली. तिकडे लाइन लागत नाही." दुकानदार वरमला, मग घाईने एक खोके पुढे सारिले, ते निघाले साठ वॉटचे. बाईंनी ते परत सारिले आणि म्हणाल्या, "हे कल्हईवाल्याला द्या." बाहेर येता सूनबाई संतापोन बोलिल्या, "आई, तुम्ही त्याला चांगलं झापायचं होतं!" तो उत्तर आले की, "झापून काय टोक बारीक होणार होतं?"

मग रिक्षा करोन यादीतलेच दुसरे ठिकाण जो यंत्रमहाल तो गाठिला. दाराशीच हेमांगीबाईंनी बजाविले, "आई, दोरीच्या आत जायचं नाही हं. ओरडतात लोक." प्रमिलाबाईंनी मान डोलाविली आणि टेलिफोनच्या दालनी पाऊल टाकिले. तांबड्या दोरीपलीकडे तोच बोर्ड, शंभर भोकांचा, तीच उंच खुर्ची, तेच कानास लावावयाचे यंत्र. बाईंची बोटे पदराआड हलू लागली. सूनबाईंस वाटले, थरथरतात की काय, गोळी घेतली होती ना? नीट पाहातात तो बोटे ओळीने भोके मोजीत होती.

तेथे तन्मयराव म्हणोन पंचविशीचे मार्गदर्शक, कमरेस ध्वनिवर्धक बांधोन, पंचवीस-तीस पाहुण्यांपुढे उभे होते. ते म्हणाले, "तर मंडळी, या खुर्चीवर बायकाच का बसवायचे? गावाचं बोलणं चोरून ऐकायला आणि संध्याकाळी नळावर सांगायला! आजच्या भाषेत ग्रुप अ‍ॅडमिन!" मंडळी खदखदा हसली. प्रमिलाबाई हसल्या नाहीत. महापुराच्या साली तीन दिवस खुर्ची न सोडता, पायांशी पाणी आले तरी ज्यांणी गावे जोडून ठेविली, त्यांची ही संभावना! मग तन्मयरावांनी एक दोर इकडे खोचिला आणि दुसरा तिकडे खोचिला, परंतु दाराजवळच्या फोनातला शब्द खिडकीजवळच्या फोनास पोहोचेना. तेव्हा ते बोलिले, "आवाज येणार नाही मंडळी. यंत्र म्हातारं झालंय."

"यंत्र बरं आहे. दोर चुकलाय," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"आजी, प्रश्न शेवटी घेऊ."

"प्रश्न नाहीये, उत्तर आहे. दोर जोडीजोडीने असतात. तुम्ही एका जोडीतला एक घेतलात आणि दुसऱ्या जोडीतला एक. एका मांडवातली नवरी नि दुसऱ्या मांडवातला नवरा उभा केलात, तर अक्षता टाकायच्या कुणावर?"

मंडळी पुन्हा हसली, परंतु या वेळेस हसण्याचा रोख फिरला होता. तन्मयराव लाल होऊन म्हणाले, "आजी, हे जाणकारांचं काम आहे. तुम्ही असं करा, बाळाला घेऊन वरच्या मजल्यावर जा, वेडेवाकडे आरसे आहेत. बाळ हसेल." आणि प्रमिलाबाईंनी पदर खांद्यावरोन घेतला आणि हळू आवाजाने म्हणाल्या, "चल गं."

हे "चल गं" सूनबाईंच्या जिव्हारी लागले. दुकानदाराचे बोलणे सोसले, यादीवरले दाढीवाले सोसले, परंतु इतकी वाट तुडवोन आलेले माणूस खुर्चीपासोन चार हातांवरोन माघारी फिरते, आणि दोरीच्या आत जाऊ नका हे प्रथम सांगितले ते आपणच! मग काय जाहले ते तेथल्या मंडळींस पुष्कळ दिवस आठवत राहिले. ज्या हेमांगीबाई सख्ख्या मावशीसही हात धुतल्यावाचून कन्या देत नसत, त्यांणी पिशवीतोन जंतुनाशक काढिले आणि तन्मयरावांस म्हणाल्या, "हात पुढे करा." ते गोंधळोन हात पुढे करिते जाहले. बाईंनी दोन्ही तळव्यांवर भरपूर ओतिले, "चोळा, बोटांच्या मधेसुद्धा," म्हणोन चोळविले, आणि ते सुकते न सुकते तोच रेवा त्यांच्या हाती दिली. "मान सावरायला नको, पण दोन्ही हातांनी धरा. एक हात सुटला तर मी आहे आणि तुम्ही आहात!" तन्मयरावांचे दोन्ही हात ऐसे गुंतले की मोहोळ उठले तरी हलता न ये. मग सूनबाईंनी तांबडी दोरी स्वतः उचलोन धरिली आणि म्हणाल्या, "आई, बसा."

प्रमिलाबाई बसल्या. कानास यंत्र लाविले, एक दोर तपासोन ठेविला, दुसरी जोडी उचलिली. सूनबाई धावत दाराजवळच्या फोनाशी गेल्या आणि दांडा फिरविला. कोणता फोन बोलावितो ते दाखविणारी बोर्डावरची झडप पडली, आणि कानी शब्द आले, "नंबर, प्लीज?" तो आवाज घरी कढी वाढणारा नव्हे. ताठ, स्वच्छ, तालुक्याच्या मामलेदारासही रांगेत उभे करील ऐसा. हेमांगीबाई म्हणाल्या, "खिडकीतला फोन द्या." मग खिडकीपाशी घंटा खणखणली, आणि कोणी टोपीवाले गृहस्थ फोन उचलोन ओरडले, "येतंय! अहो, स्पष्ट येतंय!" आणि दालनात टाळ्यांचा कडकडाट जाहला, आणि रेवाने तन्मयरावांचे ध्वनिवर्धकाचे नळकांडे चोखावयास घेतले.

तन्मयराव जवळ येऊन नरमाईने बोलिले, "आजी, परत एकदा दाखवाल? मला असंच शिकवलं होतं हो."

"दाखवीन की. आधी बाळ तिच्या आईकडे द्या. आणि ते चोरून ऐकण्याचं मंडळींसमोर मागं घ्या."

तन्मयराव पोर प्रामाणिक. कन्या परत करोन त्यांणी ध्वनिवर्धक पुसला आणि सांगितले, "मंडळी, मी चुकीचं बोललो. या बायका कुणाचं बोलणं ऐकत नसत."

"हेही चुकीचं," प्रमिलाबाई खुर्चीतोन म्हणाल्या. "ऐकायचो की. लाइन धड लागली का, मधेच तुटली का, ते ऐकल्याशिवाय कसं कळणार? पंधरा वर्षं ऐकलं. मोडलेली लग्नं ऐकली, मयतीचे निरोप ऐकले, मोठ्या मोठ्या माणसांचं रडणं ऐकलं. पण नळावर एक शब्द गेला नाही. सांगायचं तर तेवढं सांगा."

तन्मयरावांनी तेवढेच सांगितले, शब्द न बदलता. मग प्रमिलाबाईंनी त्यांस शेजारी उभे करोन जोडी ओळखावयास शिकविले; ते चार वेळा चुकले, पाचव्या वेळेस साधले.

परतीच्या गाडीत रेवा निजली तेव्हा हेमांगीबाई न राहवोन हळूच म्हणाल्या, "आई, मोठी माणसं म्हणजे कोण हो? मला एकटीला सांगा ना."

प्रमिलाबाई खिडकीबाहेर पाहात म्हणाल्या, "गप गं. कालपर्यंत रेवाला म्हणत होतीस, बाहेरचं काही तोंडात घालू नये."

सारांश, मोहीम फत्ते जाहली, यादीतली दहा ठिकाणे पाहावयाची राहिली, त्याचा खेद कोणास नाही. एका तालुक्याचे पंधरा वर्षांचे बोलणे एका बाईच्या पोटी सुखरूप आहे. त्यातले काय ते सूनबाईंस कळले नाही, लिहिणारासही कळले नाही, आणि कळते तरी येथे लिहिले नसते. इति.